बावीस मिनिटांचं पाणी

फेरी बावीस मिनिटांची.
पॉडकास्टचा भाग पंचावन्नचा.
गणित इथेच फसलं, आणि मी
शाळेतही गणितातच गटांगळ्या खायचे.

नोव्हेंबरात फ्योर्डवर दुपारी तीनलाच अंधारतं.
मी पिवळ्या जाकिटात, हातात दिवा,
एकेक गाडी बोटीत घेते: ये, ये, अजून, बस्स.
वीतभर अंतर सोडून लावते रांगा.
डेक भरला की हात आडवा.
उरलेल्यांना पुढची फेरी.

फोनला असा हात दाखवता येत नाही.
चारशे बारा, न ऐकलेले.
हिमनद्यांचा इतिहास, मधमाश्यांचे आजार,
दोन बहिणी, ज्या फक्त सूपांबद्दल बोलतात,
आणि बेर्गनचा एक निवृत्त न्यायाधीश,
दर मंगळवारी एक जुनी चोरी उकलणारा.
शेवटी म्हणतो, बाकी पुढच्या वेळी.
बाकी!
त्याची एकोणसत्तर बाकी आहे माझ्याकडे.

उपाय केले नाहीत असं नाही.
दीडपट वेगाने लावून पाहिलं,
न्यायाधीश खारीसारखा बोलू लागला,
चोर पळायच्या आत सापडला.
मग जुन्यापासून सुरुवात केली,
तर बहिणी सांगतायत,
या उन्हाळ्यात कोवळे मटार सोडू नका बरं.
कुठल्या उन्हाळ्यात?
कठड्यावर बोटभर बर्फ.
एका रविवारी ठरवलं, सगळं पुसायचं.
अंगठा नेला लाल चौकोनापर्यंत
आणि परत आणला.
ज्यांनी माझं काही बिघडवलं नाही
त्यांच्या तोंडावर दार कसं लावायचं?

शेवटी ओडलाइफला सांगितलं.
तो खाली, इंजिनखोलीत, आठ आठ तास,
कानांवर भलेमोठे लाल मफ,
आतल्या आत आवाज येणारे.
म्हणाला, दे तुझा न्यायाधीश इकडे.
मी ऐकतो, तुला सांगतो.
जाळ्यात जास्तीचा कॉड आला की
शेजाऱ्याकडे पाठवतात, तसा दिला.

तेव्हापासून पहाटे, पहिल्या गाडीच्या आधी,
कॉफी, तपकिरी चीजचे काप, आणि ओडलाइफ.
चर्चचा ऑर्गन वाजवणारा म्हणे चोर होता.
चांदीचे चमचे ऑर्गनच्या नळ्यांत दडवलेले.
ख्रिसमसला नेमका एक सूर उमटेना,
आणि पहिल्या रांगेतली बहिरी बाई
तेवढ्यात म्हणाली, आज काहीतरी कमी वाजतंय.
तेलकट बोटांनी तो हवेत नळ्या उभ्या करायचा.
माझी कॉफी गार.
एकोणसत्तरचे चाळीस झाले, चाळीसचे बावीस.

फेब्रुवारीत वादळ आलं.
बोट नऊ तास धक्क्याला बांधून.
ओडलाइफ सुट्टीवर.
मी एकटीच, जेवणाच्या टेबलाशी,
म्हटलं, ऐकू तरी ते चमचे.

ऑर्गन नव्हताच.
चमचे नव्हते, बहिरी बाई नव्हती, चोरीही धड नाही.
दोन भावांच्या कुंपणाचा वाद,
वकिलांची पत्रं, तारखा, जमिनीचे नकाशे,
आणि न्यायाधीशाचा खोकला.
पंचावन्न मिनिटं.
आयुष्यात पहिल्यांदा मी
एक भाग सलग संपवला, तो हा.

बाहेर दोर करकरत होते.
मला वाटलं, लाल मफच्या आत
कदाचित काहीच वाजत नसेल.
नुसतं इंजिन, आणि त्याच्या गुरगुरीत
बसून हा माणूस
माझ्यासाठी चोर शोधत असेल.

सोमवारी तो आला. कॉफी ओतली.
यावेळी घड्याळजीची बायको, म्हणाला,
आणि एक पोपट.
मी चीज कापत राहिले.
मग?
मग काय, पोपटाला एकच शब्द येत होता.

आकडा आज चारशे सव्वीस.
वाढतोय तो.
काल मी त्याला मधमाश्याही देऊन टाकल्या.
बघू, त्यांना काय होतं ते.